जुन्या स्पोर्ट्‌स कारचे कुठले दोष काढायचे आणि कुठले ठेवायचे

आमच्या गाडीच्या दाराला बाहेरून मूठ नाही. तुटलेली नाही, कुणी काढून नेलेली नाही. कारखान्यातून येतानाच नव्हती. दार उघडायचं तर वरून हात आत घालायचा आणि दाराच्या पोटातली दोरी ओढायची. काचही नाही. पावसात लावायला पारदर्शक पडद्यांची जोडी असते. ती लावली की माणूस जरा सावकाश भिजतो, एवढाच फरक.

गाडी १९५७ सालची एम.जी.ए., इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. १४८९ सीसी, ७२ अश्वशक्ती, दोन माणसं आणि फार तर एक पर्स. माझ्या मामंजींनी ती १९८१ मध्ये मुंबईहून बडोद्याला आणली, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "एवढ्यात फियाट आली असती आणि घरातले सगळे मावले असते." २००९ मध्ये मामंजी गेले. ह्यांच्या कंबरेला त्या सीटवरून उठणं जमत नाही, मुलगा पुण्यात. त्यामुळे बँकेत कॅशियर असलेली सून मालकीण झाली.

बडोद्याहून हालोल चाळीसेक किलोमीटर. तिथे २०१९ पासून एम.जी.च्या त्याच अष्टकोनी बिल्ल्याच्या नव्या गाड्या बनतात, हेक्टर त्यांतलीच. त्यामुळे सिग्नलला शेजारच्या हेक्टरमधला पोरगा काच खाली करून विचारतो, "आन्टी, आ कयुं मॉडेल छे? नवुं आव्युं?" त्याच्या गाडीत थंड हवा आहे, एअरबॅग आहेत, पाऊस आला की वायपर आपोआप फिरतात. सिग्नल सुटला की तो मला मागे टाकून जातो. साधी नवी हॅचबॅकसुद्धा टाकून जाते. तरी माझी गाडी त्याच्या गाडीशी बदलायची का, असं कुणी विचारलं तर मी उत्तर द्यायलासुद्धा थांबणार नाही.

हे वेड लागलेले किंवा लागू घातलेले लोक अधूनमधून घरी येतात. कुणाला ट्रायम्फ ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्‌स कार मिळालेली असते, कुणाकडे सॅन स्टॉर्म ही आपल्याकडे बनलेली छोटी स्पोर्ट्‌स कार पडून असते, कुणाला काकांची जुनी फियाट तरतरीत करायची असते. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मापं माझ्या गाडीची आहेत, रीत कुठल्याही जुन्या गाडीला चालेल.

मामंजींनी गाडीसाठी एक लाल कापडी बांधणीची खतावणी घातली होती. तिच्यात जमा-खर्च नव्हता, तीन रकाने होते: 'ताबडतोब', 'सवडीनं' आणि 'हात लावू नये'. गाडीत सापडलेला प्रत्येक दोष यांपैकी एका रकान्यात जायचा. नवशिक्यांची चूक इथेच होते. ते सगळेच दोष पहिल्या रकान्यात घालतात, दोन वर्षं गाडी गॅरेजमध्ये ठेवतात, आणि शेवटी हातात येतं ते ना जुनं ना नवं. म्हणून गाडी घेण्याआधी वही घ्या.

आणि वहीबरोबर एक चुंबक. जुन्या गाडीत गंज कुठे आणि पुट्टी कुठे हे चुंबक सांगतो, पण आधी गाडीची माहिती हवी. आमच्याकडे एक जाणकार गृहस्थ आले, दाराला चुंबक लावला, तो सटकन खाली पडला. बॉनेटला लावला, तिथूनही पडला. "वहिनी, फसवलंय तुम्हाला, सगळी पुट्टी आहे," म्हणाले. पुट्टी कसली! एम.जी.ए.च्या दारांचे पत्रे, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं. चुंबक चिकटला असता तर मी घाबरले असते. खरी तपासणी दारांखालच्या पट्टीची आणि मडगार्डच्या खालच्या कडेची करा, कारण पाणी आणि माती तिथे साठते. मग गालिचा उचला. खाली प्लायवुड दिसेल. दचकू नका, ह्या गाडीची जमीन मुळात लाकडीच आहे. प्लाय कुजला असेल तर कुठलाही सुतार दुपारभरात नवा कापून देईल. त्याखालची चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, मात्र स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं जागोजाग टोचून बघा. टोक आत गेलं तर गाडी कितीही आवडलेली असो, चहा पिऊन घरी या.

यानंतरचा शोध गाडीचा नाही, माणसाचा. मला बडोद्यातल्या पाणीगेटकडचे एक मेकॅनिक चाचा मिळाले, तेही अगदी सरळ कारणानं. १९५९ पासून आपल्या ॲम्बॅसडरला जे १४८९ सीसीचं इंजिन बसायचं, ते आणि माझ्या गाडीचं इंजिन एकाच घराण्यातलं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. चाचांनी पहिल्यांदा बॉनेट उचललं, दोन कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारी भांडी) पाहिले आणि म्हणाले, "बेन, ये तो अपनी ॲम्बॅसडर की मौसी है. बस, लिपस्टिक लगाई है." टॅपेट कव्हरचं पॅकिंग ॲम्बॅसडरचं चालतं, कामाची पद्धत तीच, आवाज तेच. सगळंच चालतं असं मात्र धरून चालू नका. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हजवळच्या फटीचं, माप तर गाडीच्या स्वतःच्या मॅन्युअलमधूनच घ्या. ॲम्बॅसडर २०१४ मध्ये बंद झाली, तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक आता साठी-सत्तरीचे आहेत. तुमच्या गावात असा एखादा असेल तर त्याच्याकडे उद्याच जा, आणि जाताना गाडी नेली नाहीत तरी चालेल.

'ताबडतोब' या रकान्यात माझ्या मते पहिलं नाव ब्रेकचं, दुसरं पेट्रोलच्या नळ्यांचं, तिसरं टायरचं. बाकी सगळं त्यानंतर. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेक ऑइलची वाट एकच. आजच्या गाडीत एक वाट फुटली तर दुसरी गाडी थांबवते. इथे एक रबरी नळी फुटली की पेडल थेट जमिनीला. म्हणून रबरी नळ्या दिसायला कितीही चांगल्या असोत, गाडी घेतल्या घेतल्या सगळ्या बदला, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. टायरची नक्षी बघू नका, बाजूवर छापलेलं साल बघा. माझ्यासारखं महिन्यातून दोनदा फिरवलं तर नक्षी झिजतच नाही, रबर मात्र आतून वाळून दगड होतं. पेट्रोलच्या नळ्यांचं कारण आता नवं आहे: पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुनं रबर त्यानं फुगतं, मऊ पडतं, झिरपतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मिळतात, त्याच लावा. याआधी देशात शिसंवालं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं तेव्हाही असंच एक काम निघालं होतं. शिसं गेलं की व्हॉल्व्ह ज्यावर बसतो ती सीट लवकर झिजते, म्हणून मामंजींनी हेड उतरवून एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घेतल्या. तुमच्या गाडीत ते झालंय का विचारा. झालेलं नसेल आणि टॅपेटची फट पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतायला लागलाय.

बॅटरीजवळ एक चिठ्ठी चिकटवा. माझ्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे आहेत आणि त्यांचं धन टोक चेसिसला जोडलेलं आहे, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलटं. २०१२ मध्ये मी बॅटरी चार्ज करायला एका दुकानात दिली. परत बसवायला आलेल्या मुलानं ही 'चूक' मनापासून सुधारली. डायनॅमोच्या रेग्युलेटरमधले पॉइंट चिकटून जळाले, धूर झाला, आणि तो बिचारा माझ्याआधी रडकुंडीला आला. मुलाचा दोष नव्हता, चिठ्ठी मी लावलेली नव्हती. आता तिथे लाल अक्षरांत गुजराती, हिंदी आणि मराठीत लिहिलं आहे.

आता गाडी सुरू करू. किल्ली फिरवली की लगेच स्टार्टर ओढायचा नाही. ऐकायचं. मागून पेट्रोलचा विजेचा पंप टकटकटकटक बोलायला लागतो, मग टक, टक, आणि गप्प. याचा अर्थ कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या. पंप गप्पच होत नसेल तर तीन शक्यता: टाकी रिकामी आहे, नळी कुठेतरी गळते आहे, किंवा कार्बोरेटरमधली सुई अडकून पेट्रोल बाहेर वाहतं आहे. किल्ली बंद करून नाकानं शोधा, काडेपेटी तर लांबच ठेवा. पंप बोललाच नाही तर त्याचे पॉइंट चिकटलेले असतात. जरोदच्या पुढे एकदा गाडी अशी मुकी झाली, तेव्हा वाकून चपलेच्या टाचेनं पंपाला दोन टपल्या दिल्या. टकटक सुरू. घरी येऊन पॉइंट साफ केले हे सांगायला नको, टपली हा उपाय घरापर्यंतचाच. नव्या गाडीत पंप टाकीत बुडवलेला असतो, काय चाललंय ते कळत नाही. मला या पंपाची टकटक बंद करायचा सल्ला कितीतरी जणांनी दिला, इलेक्ट्रॉनिक पंप सुचवला. वहीत तो तिसऱ्या रकान्यात आहे.

आणि आता कार्बोरेटर, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. दोन एस.यू. कार्बोरेटर शेजारी शेजारी, चार सिलिंडर त्यांच्यात वाटलेले. दोघं एकमतानं चालले की इंजिन गुणगुणतं, नाहीतर जावाजावांसारखं एकीनं ओढायचं आणि दुसरीनं अडवायचं. त्यांना एका मतावर आणायला यंत्र मिळतं, पण चाचांनी मला गॅसच्या शेगडीच्या रबरी नळीचा हातभर तुकडा दिला.

आधी प्लग, पॉइंट (फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश) आणि टॅपेट जागेवर हवेत, नाहीतर पुढची मेहनत वाया. इंजिन चांगलं गरम करा, निदान दहा किलोमीटर फिरून या. एअर फिल्टर काढा. प्रत्येक कार्बोरेटरच्या डोक्यावरची पितळी टोपी उघडून आत पातळ तेल आहे ना बघा. नसेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी खोकते आणि लोक दोष भलतीकडे शोधतात. इंजिन बंद असताना आतला पिस्टन बोटानं वर उचलून सोडा. तो खाली येऊन 'टक्' असा स्वच्छ आवाज यायला हवा. घुसमटत आला तर पेट्रोलनं पुसून घ्या. पॉलिश पेपर लावू नका, एकदा घासला की संपला.

मग दोघांना जोडणाऱ्या दांड्याची चिमटी सैल करायची, म्हणजे प्रत्येक जण स्वतंत्र. इंजिन सुरू करा, नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, दर वेळी त्याच जागी. कुकरची शिट्टी होण्याआधी जी फुसफुस येते, तशी ऐकू येईल. आता दुसऱ्याच्या तोंडाशी. एकाची फुसफुस जाड असेल तर त्याचा हवा कमी-जास्त करणारा स्क्रू अर्धा आटा सोडा, बारीक असेल त्याचा आवळा, परत ऐका. पहिल्या वेळी मला दोन्ही सारखेच वाटले. चाचा म्हणाले, "डोळे मिटा." मिटले आणि फरक कळला. बँकेत हातानं नोटा मोजताना गड्डीतली एक नोट बोटाला वेगळी लागते आणि आपण न बघता थांबतो, तसं काहीसं. नोटा मोजायचं यंत्र आलं आणि ते बोट गेलं. कान मला या गाडीनं परत दिला.

आवाज जुळले की पेट्रोल आणि हवेचं प्रमाण. एका कार्बोरेटरचा पिस्टन बारीक स्क्रूड्रायव्हरनं अगदी किंचित उचला, मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. इंजिन क्षणभर उसळी घेऊन पूर्वपदावर आलं तर बरोबर. वाढलं आणि वाढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त. मरायला लागलं तर कमी. खालचा सहा कोनी नट वर घेतला की पेट्रोल कमी होतं, खाली सोडला की वाढतं. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवा आणि थोडं थांबा. मग चिमटी परत आवळा, आणि फिरून आल्यावर प्लग काढून रंग बघा. नीट भाजलेल्या पोळीवरच्या डागासारखा तपकिरी असेल तर तुमचं काम झालं. काळा काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी. पहिल्यांदा मला यात सगळा रविवार गेला, दुपारचं वरण लागलं. आता पाऊण तास.

गिअरबॉक्स तिसऱ्या रकान्यातला. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे आतली चक्रं आपोआप एका वेगाला आणणारी सोय, नाही. चालती गाडी पहिल्यात टाकायला गेलात की दळण दळल्याचा आवाज होतो आणि रस्त्यावरचे सगळे बघतात. १९९४ मध्ये पावागडच्या माचीच्या चढावर मामंजींनी मला शिकवलं ते असं: क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा. ॲक्सिलरेटरला एक छोटी थाप. परत क्लच, आणि मग पहिला. मधल्या थापेनं आतली चक्रं एका वेगाला येतात आणि दांडा आपोआप आत सरकतो. जोर लावायचाच नाही. जोर लागला तर वेग चुकला, पुन्हा न्यूट्रल. मी त्या चढावर सतरा वेळा दळण दळलं, मामंजी डोंगराकडे बघत राहिले. अठराव्यांदा दांडा लोण्यात गेल्यासारखा गेला आणि मी हसले, तेव्हा ते म्हणाले, "आता कळलं का फियाट का नाही घेतली?"

तेलाचे थेंबही तिकडेच. या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे आतल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील नाही. तिथे आटे कापलेले आहेत, ते फिरताना तेल आत ढकलतात. इंजिन थांबलं की थोडं बाहेर येतंच. मी खाली जुना बेकिंग ट्रे ठेवते. रोजचे चार-सहा थेंब दोष नव्हे, वाटी भरली तर दोष.

गरमी मात्र समजून घेण्याची गोष्ट आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी न्याय मंदिर ते मांडवी या गर्दीत ही गाडी नेणं म्हणजे तिचा छळ. पेट्रोलची नळी तापून आतल्या आत वाफ धरते आणि इंजिन बंद पडतं. ओलं फडकं नळीवर टाका, बॉनेट उघडा, पंधरा मिनिटं उसाचा रस पिऊन या, सुरू होईल. रेडिएटरचं झाकण तेवढ्यात उघडू नका. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, ते रेडिएटरमध्ये घातलं की क्षार धरतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरं काही नाही. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सहा.

मी बडोद्यातल्या समा भागातल्या घरून निघते, हालोल रस्त्याला लागते. ताशी ६० चा वेग, हेक्टरवाल्याच्या दृष्टीनं गाडी उभीच. माझ्या गाडीत ६० म्हणजे वारा कानात, स्टिअरिंगच्या चाकातून रस्त्याचा प्रत्येक सांधा तळहातात, आणि दाराबाहेर हात सोडला तर रस्ता जवळजवळ बोटांखाली. शेताला पाणी सोडलेल्या पट्ट्यात हवा एकदम गार होते, दहा पावलांवर परत कोमट. समोर पावागड वाढत जातो. चांपानेरला पोचेपर्यंत मी ताशी ७० ओलांडलेली नसते आणि हात थरथरत असतात. वजन सगळं नऊशे किलोच्या आसपास, त्यामुळे वळणावर गाडी सांगितलेलं ऐकते. सांगण्यात चूक झाली तर तीही लगेच परत सांगते. चूक लपवणारं मध्ये काहीच नाही. परत येताना सेव उसळ. एवढाच खर्च.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरला होता, तिथे एकाहून एक चकचकीत नग पाहिले. त्यातल्या काही ट्रकवरून आल्या आणि ट्रकवरूनच गेल्या. डोळ्यांचं पारणं फिटलं, पण मला त्यांच्या ट्रेमध्ये थेंब पडतात का ते विचारायचं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, पुढे नूतनीकरणाचं पाच हजार, मुदत दहा वर्षं. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्ही ए' येतं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्यानं चालवता येत नाही. जुना मालक जिवंत असेपर्यंत सह्या घ्या. वारसांमागे फिरण्यापेक्षा कार्बोरेटर सोपा.

राहिला पावसाळा. जुलैपासून गाडी लाकडी ठोकळ्यांवर, बॅटऱ्या काढून घरात, टाकी भरलेली, कारण रिकाम्या जागेत दमट हवा शिरते आणि आतून गंजते. प्लास्टिकचं आच्छादन नको, घाम धरतं. जुन्या सुती चादरी घाला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी समामध्ये शिरलं, तेव्हा ह्यांनी टीव्ही वर नेला आणि मी टॉर्च तोंडात धरून गाडीचे प्लायवुडचे फ्लोअरबोर्ड उघडत बसले. हे जिन्यातून ओरडत होते की पाण्यात मगर असेल. असेलही, आमच्या नदीत त्या आहेतच. शेवटचे दोन स्क्रू गंजून बसलेले, त्यांनी पाऊण तास खाल्ला. फळ्या माळ्यावर गेल्या, पाणी ठोकळ्यांच्या वर वीतभर चढून चेसिसला लागलं आणि तिसऱ्या दिवशी उतरलं. चिखल धुतला, चेसिस वाळवून तिला तेलाचा हात दिला, आणि दसऱ्याच्या आधी फळ्या परत बसवल्या. स्क्रू नवे घेतले, पितळी, आणि प्रत्येकाला ग्रीस लावून मगच आवळला. तुम्हीही लावा. पुढच्या जुलैत परत उघडायचे आहेत.